शकुंतला गणपतराव, हजर

आमच्या घरात कुणी रिकाम्या हाताने बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बोलताना, भांडताना, कुणी पाहुणा आला तरी हातात वाख असायचा. घायपाताची पानं ओढ्याच्या डबक्यात कुजत घालायची, आठ-दहा दिवसांनी काढून दगडावर बडवायची, धुवायची, वाळवायची, मग जो पांढरा धागा निघतो तो वाख. त्या कुजण्याला असा वास असे की गावातली माणसं मांगवाड्याच्या कडेने जाताना नाकाला पदर लावत. आम्हाला तो वास येतच नसे. बा दारासमोरच्या मोकळ्या जागेत दोर वळायचा. लाकडी फिरकी एका टोकाला मी धरायची, दुसऱ्या टोकाला बा मागे मागे चालत जायचा, आणि फिरकीची करकर सकाळपासून वाड्यात चालू असायची. शेतकऱ्यांची दावी, कासरे, मोटेचे नाडे, सगळं आमच्याच हातचं. आय चुलीपुढे बसून प्रार्थनेची गाणी जात्यावरच्या ओवीच्या चालीत म्हणायची. पाद्रीसाहेबांना ते आवडत नसे, पण आयचं म्हणणं, देवाला चाल काय करायची. बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी, थंडीत हुलग्याचं माडगं. लढाई चालू होती, साखर दिसत नव्हती, रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळे गुळाचा कोरा चहा घेऊन दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची.

आमचं गाव सोनईपासून दोन कोसांवर. आजोबांच्या वेळी आमची चार घरं ख्रिस्ती झाली, पण राहायला मांगवाड्यातच राहिली. गावाच्या दृष्टीने आमच्यात फक्त एवढाच बदल झाला की आमच्या पोरांची नावं उच्चारायला अवघड झाली. मी रूथ, मला सगळे रुती म्हणत. माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी मार्था. बाला अक्षर येत नव्हतं. मी दुसरीत गेल्यावर शुभवर्तमान वाचायला लागले, तेव्हा बा हातातला दोर खाली ठेवून ऐकायचा. हातातलं काम खाली ठेवून त्याने ऐकलेली ती एकच गोष्ट.

हे वाचन मला पाठक गुरुजींनी दिलं. ते लोकल बोर्डाच्या शाळेचे एकटे शिक्षक. शाळा म्हणजे एक लांबट खोली आणि पुढे ओसरी. आधीच्या मास्तरांच्या काळापासून आमच्या वाड्यातली मुलं ओसरीवर बसत आणि आतलं शिकणं खिडकीतून ऐकत. पाठक गुरुजी नेवाशाकडचे, भिक्षुकी करणाऱ्या घरातले, विधुर, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करणारे. ते आले त्या वर्षी पावसाळ्यात एकदा ओसरीवर पाण्याचा सडाका आला. त्यांनी आम्हा तिघा मुलांना आत बोलावलं. पाऊस थांबला तरी बाहेर जा म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आम्ही आतच बसलो. एवढंच झालं. भाषण नाही, काही नाही.

आठवड्याभरात अकरा मुलं यायची बंद झाली. त्यात गणपतराव पाटलांची शकुंतला पहिली. आम्हाला आत बसवावं असा सरकारी हुकूम होता, त्यामुळे गावात तोंडाने कुणी काही म्हटलं नाही. कायदा गुरुजींच्या बाजूने होता, पट मात्र गावाच्या हातात होता. पट पंचविसाच्या खाली गेला की एकशिक्षकी शाळा बंद होऊ शकत होती, आणि आमचा पट अठ्ठावीसवरून सतरावर आला होता. गुरुजींनी वर लिहून कळवलं. उत्तर आलं की पटसंख्या टिकवावी व स्थानिक लोकांशी समजुतीने घ्यावे. हे सगळं मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की गुरुजी रोज सकाळी हजेरी घेताना अकरा नावांवर थांबत नाहीत, पण लेखणी मात्र त्या नावांपुढेही चालते.

मग एका बुधवारी निरोप आला की शनिवारी डिपोटीसाहेब तपासणीला येणार. त्या संध्याकाळी गुरुजी स्वतः आमच्या वाड्यात आले. ब्राह्मण माणूस मांगवाड्यात आला म्हणून आयने घाईघाईने घोंगडी झटकली, पण ते बसले नाहीत. अर्धवट वळलेल्या दोराच्या कडेला उभे राहून बाला म्हणाले, "लाजरस, मला अकरा मुलं पाहिजेत. एका दिवसापुरती."

बाने मला फिरकी थांबवायला सांगितलं. "पोरं हायती की गुरुजी. कशाला पाहिजेत?"

"साहेब डोकी मोजतील. गेलेल्यांच्या नावाने कुणीतरी बसलं पाहिजे."

बा हळूच म्हणाला, "आमच्यात खोटी साक्ष देऊ नये असं हाय, गुरुजी. नववी आज्ञा हाय ती."

गुरुजी खाली बघत म्हणाले, "आमच्यातही तसंच आहे."

आय चुलीपाशी होती. ती तिथूनच बोलली, "रुतीला आत बसवली तवा त्यांनी इचारलं हुतं का, आज्ञा कितवी ते? घ्या म्हनावं पोरं. आमची मार्था घ्या. लई चुरुचुरु बोलती ती."

मी मध्येच विचारलं, "गुरुजी, मग मार्थाचं नाव खरंच का नाही घालत?" गुरुजी म्हणाले, "आता एकदम नऊ-दहा नावं तुमच्या वाड्यातली घातली तर गावातली उरलेलीही जातील, बाळ. जूनपासून एकेक घेणार. मार्था पहिली." आणि मार्थाकडे बघून, "काय गं, येशील ना?" मार्थाने विचारलं, "पाटी तुमी देनार का?" ते हसले. देणार म्हणाले.

पुढचे दोन दिवस वाड्यात नाटकाची तालीम असल्यासारखी मजा होती. आमच्या वाड्यातली नऊ आणि ओढ्यापलीकडच्या धनगरांची दोन पोरं गावातल्या मोठ्या घरांची नावं घेऊन हिंडत होती. मार्थाला मिळालं होतं शकुंतला गणपतराव. शेजारची सगुणामावशी तिला पाहिली की पदर डोक्यावर घेऊन वाकायची. "या या पाटलीणबाई! आमच्या हातचं पानी चालंल का?" मार्था कमरेवर हात ठेवून म्हणायची, "न्हाई चालनार. लांब व्हा!" सगळा वाडा हसून लोळायचा. आयच्या डोळ्यांतून पाणी यायचं इतकं हसायची. बा एकटा हसत नव्हता, पण थांबा असंही म्हणाला नाही.

शनिवारी मार्थाला नाताळात मिशनच्या मडमेने दिलेला निळ्या फुलांचा फ्रॉक घातला, केसांना तेल चोपडलं, डोळ्यांत काजळ घातलं. पाटील आणि बाकीची मोठी माणसं शाळेकडे फिरकणार नव्हती. त्यांच्या लेखी ती शाळा बाटलेलीच होती. डिपोटीसाहेब सोनईहून टांग्याने आले. गोरे, थोडे स्थूल, डोक्यावर काळी टोपी. स्वभावाने वाईट माणूस नव्हता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. त्यांनी स्वतः हजेरी घेतली. पोरं आपापल्या उसन्या नावांना नीट उत्तरं देत गेली. "शकुंतला गणपतराव" म्हटल्याबरोबर मार्था ताडकन उभी राहिली आणि कधी ऐकला नव्हता अशा शुद्ध उच्चारात म्हणाली, "हजर!"

साहेबांना कौतुक वाटलं. त्यांनी तिला पुढे बोलावलं. "वडील काय करतात?" "पाटील आहेत." "घरी गाई किती?" तालमीत हा प्रश्न नव्हता. मार्था म्हणाली, "लई." साहेब मोठ्याने हसले. खिशातून एक लाल पेन्सिल काढून त्यांनी तिच्या हातात दिली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गुरुजींना म्हणाले, "चांगल्या घरातली मुलगी कशी लगेच ओळखू येते, नाही का?"

गुरुजींनी हजेरीपट उचलून बाजूला ठेवला.

मग साहेबांनी माझं वाचन घेतलं. मी न अडखळता पानभर वाचलं. त्यांनी गणित घातलं, तेही सोडवलं. माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला नाही. मी कुठल्या वाड्यातली हे हजेरीच्या नावावरून त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "छान. या वर्षी शाळेत तू सगळ्यात महत्त्वाचं काय शिकलीस?" फळ्यावर त्या दिवशीचा सुविचार गुरुजींच्या वळणदार अक्षरात होता. मी म्हटलं, "नेहमी खरे बोलावे." साहेब गमतीने म्हणाले, "असं? मग खरं सांग बघू, गुरुजी छडी मारतात का?"

मी म्हटलं, "नाही साहेब. पण ही शकुंतला नाही. ही माझी बहीण आहे, मार्था. आमच्या घरातली आहे."

या क्षणाकडे मी साठ-सत्तर वर्षं बघते आहे. मी खरं बोलले, यात शंका नाही. पण का बोलले? पुढे ज्यांनी ज्यांनी मला शाबासकी दिली त्यांना वाटलं की एका लहान मुलीला खोटं सहन झालं नाही. मला खोटं चांगलं सहन होत होतं, दोन दिवस मीही हसत होते. मला सहन झालं नाही ते 'चांगल्या घरातली' हे. साहेबांनी हात माझ्या बहिणीच्या डोक्यावर ठेवला होता आणि कौतुक पाटलाच्या घराचं केलं होतं. आणि त्याहून खाली कुठेतरी, लाल पेन्सिल मला हवी होती. इतक्या सगळ्यातलं सत्य किती आणि बाकीचं किती, हे मला आजतागायत निवडता आलेलं नाही.

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी नाही म्हणू शकत होते. पोर चेष्टा करते आहे म्हणू शकत होते. साहेबांनाही ते चाललं असतं असं मला वाटतं, त्यांनी तेवढा वेळ दिला. गुरुजी म्हणाले, "मुलगी खरं सांगते आहे." मग ते हजेरीपट घेऊन साहेबांच्या टेबलापाशी गेले आणि एकेक नाव बोट ठेवून दाखवू लागले. आम्हाला सुट्टी दिली. मार्था वाटभर विचारत होती, "रुते, पेन्सिल परत द्यावी लागंल का गं?"

घरी आयने ऐकलं. मारलं नाही. भाकरी वाढली, भाजी वाढली, समोर बसली आणि विचारलं, "तुला कोनी इचारलं हुतं का गं?"

बा म्हणाला, "खरं बोलली ती."

"व्हय," आय म्हणाली. "आता खा म्हनावं खरं. भाकरीसंगं खा."

गुरुजींना पंधरवड्यात कामावरून काढलं. खोटा पट लिहिणं हा गुन्हाच होता. जाताना ते वाड्याकडे आले नाहीत. टांगा गेला तेव्हा मी ओढ्यावर वाख धूत होते आणि वर बघितलं नाही. नवे मास्तर आले, अकरा मुलं परत आली, आम्ही ओसरीवर गेलो. मार्थाचं नाव जूनमध्ये कुणी घातलं नाही. मांगाच्या पोरीने पाटलाच्या लेकीचं नाव लावलं म्हणून त्या पोळ्याला गावाने दावी-कासरे सोनईच्या बाजारातून आणले. आमचे वळलेले दोर आढ्याला तसेच लटकत राहिले. पण माझ्याबद्दल गावात कुणी वाईट बोललं नाही. पाटलांनी बाला चावडीपुढे उभं केलं, नको ते बोलले आणि शेवटी म्हणाले, "थोरली पोर मातर खऱ्याची निघाली तुझी. तिच्यामुळं गावची अब्रू ऱ्हायली." बाने हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. माझं आयुष्यातलं पहिलं प्रशस्तिपत्र ते.

दुसरं पाद्रीसाहेबांचं. महिन्याच्या फेरीला आले तेव्हा त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. त्यांनी उपासनेत माझी गोष्ट सांगितली, माझा हात धरून मला उभं केलं, आणि उन्हाळ्यानंतर मला नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात नेलं. तिथे मला बूट मिळाले, दिवा मिळाला, इंग्रजी मिळालं. मी शिकले, आमच्या वाड्यातली पहिली पदवीधर झाले, शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. ज्यांनी शिकवलं त्यांच्याबद्दल मी कृतज्ञ आहे, हे मी मनापासून लिहिते. पण त्या कृतज्ञतेची मुळं खणत गेलं की खाली पाठक गुरुजींना घेऊन गेलेला टांगा लागतो. मार्थाला न्यायला पाद्रीसाहेबांकडे जागा नव्हती. बोर्डिंगात एका घरातली एकच मुलगी घेत.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. विषय होता आजच्या काळात प्रामाणिकपणा. तिथल्या मुख्याध्यापकांना माझी गोष्ट कुठूनशी कळली होती, त्यांनी ती रंगवून सांगितली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कार्यालयात चहा घेताना तेच गृहस्थ सहज म्हणाले, "पट टिकवायला काय काय करावं लागतं, तुम्हाला सांगायला नको बाई. सात-आठ नावं नुसती कागदावर आहेत. नाहीतर एक शिक्षक जातो." मी बशीत चहा ओतला आणि प्यायले. आता मला खरंही बोलवत नाही आणि खोट्याचा रागही येत नाही. प्रामाणिकपणावर बोलायला लोक मला बोलावतात आणि मी जाते, हार घेते, नारळ घेते.

पाठक गुरुजी मला एकदाच भेटले. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. स्वातंत्र्य येऊन एक-दोन वर्षं झाली होती. बोर्डिंगच्या कामासाठी नगरच्या कचेरीकडे गेले होते. बाहेर लिंबाखाली चार-पाच अर्ज लिहिणारे बसत, त्यांच्यात ते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. एका म्हाताऱ्याचा अर्ज लिहून झाला तोवर मी उभी राहिले. त्यांनी मान वर केली आणि मला ओळखलं.

"रूथ." गुरुजींनी माझं नाव नेहमी पूर्ण घेतलं. "कितवीत?"

"मॅट्रिकला, गुरुजी."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला पळून जावंसं वाटलं. त्यांनी सतरंजीची कड झटकली, बस म्हणाले. संस्कृत घेतलंस का, गणितात किती पडतात, इंग्रजी कोण शिकवतं. त्या शनिवारबद्दल एक शब्द नाही. मी माफी मागायची म्हणून शब्द जुळवत होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आणि मार्था? तिला मी पाटी द्यायची होती."

मार्थाचं त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लग्न झालं होतं. अकरा वर्षांची होती. राहुरीकडे नवऱ्याबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती.

मी म्हटलं, "चौथीत आहे, गुरुजी."

"चौथीत? वयाने पाचवीत हवी."

"मध्ये वर्षभर आजारी होती." हे कुठून आलं मला कळलं नाही, पण ते अगदी सहज आलं.

"असू दे, असू दे. अक्षर कसं आहे?"

"तुमच्यासारखं काढते."

ते हसले. मान खाली घालून दौतीचं झाकण उगाच लावलं, काढलं. मग म्हणाले, "तिला सांग, गुरुजींना पत्र लिही म्हणावं. कचेरीसमोर, लिंबाखाली, एवढा पत्ता पुरतो."

त्यांना माझं खोटं कळलं का? चाळीस वर्षं मुलांसमोर उभी राहिल्यावर मी सांगू शकते की मूल खोटं बोलतं ते शिक्षकाला कळतं.

आठ दिवसांनी मी पत्र लिहिलं. चौथीतल्या मुलीचं अक्षर काढलं, ओळी मुद्दाम खाली उतरू दिल्या, शेवटी लिहिलं, आपली आज्ञाधारक, मार्था लाजरस. बोर्डिंगच्या पत्त्यावर त्यांचं उत्तर आलं. चि. मार्था हिस अनेक आशीर्वाद. अक्षर टपोरे आहे, मात्र ओळी सरळ याव्यात, कागदाखाली रेघांचे पान ठेवावे. रोज एक पान लिहीत जावे. मी पुन्हा लिहिलं. या वेळी ओळी सरळ काढल्या. त्यांनी प्रगतीबद्दल समाधान व्यक्त केलं. अशी चार पत्रं गेली आणि चार आली. पाचव्याला उत्तर आलं नाही. मी कचेरीकडे जाऊन पाहिलं तेव्हा त्या जागी दुसरा माणूस बसला होता.

ती चार पत्रं माझ्याकडे आहेत. मार्थाचा नवरा गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते. आत्ता स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली आहे, मध्येच विचारते, एवढं काय लिहितीस. तिला वाचता येत नाही. तिच्या नावाने आलेली ती पत्रं मी तिला अजून वाचून दाखवलेली नाहीत.